संगणक कक्ष : दुरुस्ती की नवी खरेदी?





आपल्या संगणक कक्षातील जुनी यंत्रे दुरुस्त करून वापरायची, की सगळी काढून नवी घ्यायची, हा विषय कार्यकारिणीच्या गेल्या दोन बैठकींत निघाला आणि दोन्ही वेळा चहा येईपर्यंत चालून पुढच्या बैठकीवर गेला. दरम्यान एका माजी विद्यार्थ्याने या कामासाठी पाच लाख रुपये देऊ केले आहेत. देणगी मोठी आहे आणि तिच्यामागची भावना त्याहून मोठी आहे. त्यांची इच्छा एवढीच, की जुने एकही यंत्र राहू नये आणि कक्षाचे नव्याने उद्घाटन व्हावे. कार्यकारिणीतील बहुतेकांना हे पसंत आहे. मला ते पूर्णपणे पसंत नाही. का नाही, ते सर्वांना कळावे म्हणून हा लेख. यातील मते माझी आहेत, कार्यकारिणीची नव्हेत.

प्रथम आपल्याकडे काय आहे ते सांगतो. कक्षात अठरा संगणक आहेत. त्यांतले बारा २०१३ साली घेतलेले, तिसऱ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचे. सहा २०१९ मधले, आठव्या पिढीचे. कार्यालयात आणखी एक, २००६ चा. त्याची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल. बारा जुन्यांपैकी या सत्राच्या सुरुवातीला चालू होते सात. म्हणजे सहावीच्या चाळीस मुलांना एकूण तेरा यंत्रे. एकेका यंत्रावर तीन मुले बसतात. त्यातले एक माउस धरते, दुसरे त्याला सूचना देते आणि तिसरे खिडकीबाहेरची कबुतरे मोजते. आठवड्यातून दोन तास असे जातात.

‘संगणक खराब झाला’ हे वाक्यच मला खटकते. घरात मिक्सर बंद पडला तर आपण विचारतो, भांड्याचे पाते अडकले की मोटर जळली? संगणकाच्या बाबतीत मात्र ‘जुना झाला’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक त्या पेटीत सात-आठ वेगवेगळ्या वस्तू असतात आणि प्रत्येकीचे आयुष्य वेगळे असते. वीज पुरवणारा एसएमपीएस आधी थकतो, पंखा धुळीने बसतो, हार्ड डिस्क झिजते. प्रोसेसर मात्र सहसा मरत नाही. बारा-तेरा वर्षे वापरलेल्या यंत्रातला प्रोसेसर पहिल्या दिवसाइतकाच चालतो. फक्त त्याच्याभोवतीचे सगळे म्हातारे झालेले असते.

आपल्या बंद पाच यंत्रांचेच पाहा. देखभालीचा वार्षिक करार ज्यांच्याशी होता त्यांच्या माणसाने पाचांपैकी चारांवर ‘मदरबोर्ड गया’ अशी चिठ्ठी लावली होती. (करार आता संपला आहे, म्हणून नाव घेत नाही.) चिठ्ठी लावली की नव्या यंत्राचे दरपत्रक आपोआप येते. आपल्या संगणकाच्या मॅडम आणि दुरुस्तीचा व्यवसाय करणारा आपलाच एक माजी विद्यार्थी, दोघांनी दोन रविवार बसून पाचही पेट्या उघडल्या. दहावीची चार मुले मदतीला होती. एक यंत्र नुसते ‘बीप’ करत होते, पडद्यावर काही येत नव्हते. त्याची रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडांवर साधे खोडरबर फिरवले, परत बसवली, यंत्र सुरू. खर्च शून्य. दुसऱ्याचे घड्याळ दर वेळी मागे जाऊन सुरू होतानाच अडत होते. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तो संपला होता. हा सेल गेला की यंत्राला आजची तारीख ठाऊक राहत नाही आणि तारीख चुकली की इंटरनेटवरची सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत, कारण प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि ती आजच्या तारखेशी ताडून पाहिली जाते. चाळीस रुपयांच्या सेलमुळे ते यंत्र दीड वर्ष कापडाखाली झाकून होते. तिसऱ्याचा एसएमपीएस जळला होता.

चौथ्या आणि पाचव्याचे मदरबोर्ड मात्र खरोखरच गेले होते. त्यांवरच्या कॅपॅसिटरांची डोकी फुगून वर आली होती, एकाच्या डोक्यातून तपकिरी रस वाळलेला दिसत होता. कुशल हाताने असे कॅपॅसिटर बदलता येतात, पण तेरा वर्षांच्या बोर्डावर दोन बदलले की पुढच्या महिन्यात आणखी दोन फुगतात. तिथे थांबावे. चालू सातांपैकी एकाच्या बोर्डावरही हीच लक्षणे दिसली. म्हणजे बारापैकी तीन यंत्रांना निरोप द्यायचा, त्यांच्या रॅमच्या पट्ट्या, पंखे, केबली काढून ठेवायच्या आणि उरलेली नऊ चालवायची, असा माझा हिशेब आहे.

‘चालवायची’ म्हणजे कशीबशी ढकलायची नव्हेत. पालकसभेत एका पालकांनी विचारले होते, ‘सर, इतक्या हळू चालणाऱ्या यंत्रावर मुले शिकणार काय?’ प्रश्न योग्य होता. मी घड्याळ लावून पाहिले. बटण दाबल्यापासून प्रत्यक्ष काम सुरू होईपर्यंत एका यंत्राला साडेसात मिनिटे लागली. चाळीस मिनिटांच्या तासातला जवळजवळ पाचवा भाग वाट पाहण्यात गेला. मग त्याच यंत्रातली जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि तेच काम चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत झाले. बाकी काहीही बदलले नव्हते. याचे कारण समजायला अवघड नाही. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला सात हजार दोनशे फेऱ्या फिरत असते आणि एक बारीक दांडी त्या तबकडीवर मागे-पुढे धावून माहिती शोधते. यंत्र सुरू होताना हजारो लहान लहान फायली उघडाव्या लागतात. दांडीचा सगळा वेळ धावण्यात जातो. एसएसडीमध्ये फिरणारे, धावणारे काहीच नाही. मुले ज्याला ‘संगणक स्लो झाला’ म्हणत होती तो आळस प्रोसेसरचा नव्हता, त्या दांडीचा होता.

आता पैशांकडे येऊ. आपले खजिनदार काटेकोर गृहस्थ आहेत. त्यांचा नियम असा, की दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त होत असेल तर नवे घ्यावे. नियम चांगला आहे. पण दुसऱ्याच वाक्याला ते म्हणाले, ‘ज्या यंत्राची वहीत किंमतच उरली नाही त्याच्यावर चार हजार कशाला घालायचे?’ संगणकावर दरसाल चाळीस टक्के घसारा लावला तर पंचवीस हजारांचे यंत्र तेरा वर्षांनी वहीत सुमारे तेहतीस रुपयांचे उरते. तेहतीस रुपयांत राजवाड्यावर एक प्लेट पोहे येतील. पण मुलाला संगणकासमोर बसवायचे आहे, वहीसमोर नाही.

माझ्या मते पाहायचे ते एवढेच, की उपयोगाच्या एका वर्षाला किती रुपये पडतात. आम्ही सिल्व्हर मॉलमधून आणि जेल रोडवरून भाव काढले. एसएसडी, जिथे हवा तिथे एसएमपीएस, सेल, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप बदलणे आणि सफाई, हे सर्व धरून दर यंत्रामागे सरासरी चार हजार रुपये येतात. असे यंत्र आणखी तीन वर्षे चालले तर वर्षाला तेराशे-चौदाशे रुपये पडले. कर धरून नवे यंत्र चाळीस हजारांच्या घरात जाते. आठ वर्षे चालले तरी वर्षाला पाच हजार. आपल्या नऊ दुरुस्त यंत्रांपैकी तीन वर्षभरातच बसली तरी दुरुस्ती स्वस्तच ठरते. त्यात वेळही नव्याच्या बाजूने नाही. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून मेमरीचे भाव जगभर चढले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या मोठमोठ्या केंद्रांना ती प्रचंड प्रमाणात लागते. भाववाढीची झळ एसएसडीलाही आहेच, पण नव्या यंत्रात रॅम आणि एसएसडी दोन्ही नवी घ्यावी लागतात. जुन्या यंत्रातली रॅम आपल्या घरचीच आहे.

नवे यंत्र वीज कमी खाते, असाही मुद्दा आला. तोही मोजून पाहिला. पडद्यासह एका जुन्या संगणकाला ऐंशी वॅट धरले तर बारा यंत्रे रोज चार तास, वर्षाचे दोनशे दिवस चालवून ७६८ युनिट होतात. नव्यांनी त्यातली निम्मी वाचवली असे मानले तरी बचत तीन हजार रुपयांच्या आसपास. त्यासाठी पावणेपाच लाख घालायचे नसतात.

विजेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. कक्षातल्या दोन टेबलांवर पेटीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. याचा अर्थ अर्थिंग नीट नाही. यूपीएसच्या बॅटऱ्याही संपल्या आहेत. वीज गेली की ते शिट्टी मारतात आणि दुसऱ्या सेकंदाला यंत्रासह बंद होतात. वैशाखात पत्र्याच्या छताखाली त्या खोलीत बसवत नाही, तिथे यंत्रे तरी काय करतील? हे आधी केले नाही तर चार हजारांची दुरुस्ती आणि चाळीस हजारांचे नवे यंत्र, दोन्ही सारखीच जळतील. देणगीतून उद्घाटन होईल, पण अर्थिंगचे उद्घाटन कोणी करत नाही, त्यामुळे ते काम सात वर्षे राहिले आहे.

जे माझ्याशी सहमत नाहीत त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा विंडोजचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आपली २०१९ ची सहा यंत्रे त्यात बसतात. २०१३ ची एकही बसत नाही. कुठे-कुठे जुगाड करून जुन्यावर विंडोज ११ चढवतात. शाळेने तसे करू नये. शाळांसाठी परवाना-कराराच्या मार्गाने वाढीव सुरक्षा मिळू शकते, पहिल्या वर्षी यंत्रामागे एक डॉलर, मग दोन, मग चार, अशी तीन वर्षे. तो मार्ग खुला आहे. पण मला त्याहून चांगला वाटतो तो लिनक्सचा.

लिनक्स म्हटले की काही चेहऱ्यांवर ‘गरिबाचे विंडोज’ असा भाव येतो. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली भारतीय भाषांसह आणली. केरळात तर सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी ‘काईट’ ही राज्य सरकारची कंपनी स्वतःची लिनक्स प्रणाली तयार करून देते. तिथे २०१८ पासून ‘लिटल काईट्स’ नावाची विद्यार्थी मंडळे शाळाशाळांत चालतात. केरळची मुले त्यामुळे मागे पडली असे कोणी म्हणणार नाही. सहावी ते आठवीला आपण काय शिकवतो? लेखन, तक्ते, चित्र, थोडे स्क्रॅच, टंकलेखन, इंटरनेटवर शोधणे. हे सारे जुन्या आय-थ्रीवर, एसएसडी आणि चार जीबी रॅम असेल तर, लिनक्सवर आरामात होते. अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेला टॅली लागते, ती विंडोजवरच चालते. त्यासाठी २०१९ ची सहा आणि नवी तीन पुरेत.

दुसरा आक्षेप दिखाऊपणाचा म्हणून सोडून देता येणार नाही. प्रवेशाच्या दिवसांत पालक शाळा पाहायला येतात तेव्हा वाचनालयात डोकावत नाहीत, संगणक कक्षात डोकावतात. शेजारच्या इंग्रजी शाळेत काचेचा दरवाजा आणि एसी आहे. इंदुरात मराठी घरातली मुले मराठी मंडळींच्या शाळेत येणे दरवर्षी कमी होत आहे आणि पहिलीच्या वर्गात दहा मुले कमी झाली तर पुढे बारा वर्षे ती कमीच राहतात. कक्ष नवा दिसला पाहिजे हे म्हणणाऱ्यांच्या मनात हीच काळजी आहे. ती माझ्याही मनात आहे. पण भिंतींना रंग, नीट बांधलेल्या वायरी, सारख्या उंचीच्या खुर्च्या आणि अठराच्या अठरा यंत्रे चालू, एवढ्याने कक्ष नवाच दिसतो. बंद यंत्रांवरची कापडी झाकणेच आधी डोळ्यांत भरतात.

आता कार्यालयातल्या त्या २००६ च्या यंत्राकडे येतो. दुरुस्तीची बाजू इतका वेळ मांडली, म्हणून काहींना वाटेल की हेही मी सांभाळून ठेवायला सांगेन. नाही. हे एक यंत्र मला ताबडतोब बदलायचे आहे, आणि गंमत म्हणजे कार्यकारिणीत सर्वांचा जीव याच्यावरच जास्त आहे. त्यावर विंडोज एक्सपी आहे, जिची सुरक्षा-सुधारणा ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली. त्यावर पेजमेकर आहे आणि श्रीलिपी आहे, जिचे लॉक मागच्या प्रिंटर पोर्टात खोचलेले असते. तसला पोर्ट आजच्या संगणकांना सहसा येतच नाही. आपली ही पत्रिका कितीतरी वर्षे त्या यंत्रावर जुळवली गेली. जुने अंक, गॅदरिंगच्या स्मरणिका, दिवंगत शिक्षकांवरचे लेख, वसतिगृहाचा इतिहास, माजी विद्यार्थ्यांच्या याद्या, सगळे तिथे आहे आणि बरेचसे फक्त तिथेच आहे. महिन्याभरापासून त्याची हार्ड डिस्क ‘टक्-टक्’ असा आवाज करते. हा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना त्याचा अर्थ ठाऊक असतो.

कक्षातले यंत्र बसले तर एका मुलाचा तास बुडेल. हे यंत्र बसले तर पुन्हा काही मिळणार नाही. म्हणून इथे दुरुस्तीचा स्वस्तपणा माझ्या लेखी काहीच नाही. वय हे त्याला काढण्याचे कारण नाही; त्यातला ऐवज दुसरीकडे नाही, हे कारण आहे. शिवाय कार्यालयात यूडायसची माहिती, समग्र आयडी, मंडळाचे परीक्षा-अर्ज, मुलांचे आधार क्रमांक असे काम रोज असते. ते सध्या लिपिक ताई एमपी ऑनलाइनच्या दुकानात जाऊन किंवा स्वतःच्या मोबाइलवर करतात. मुलांची माहिती अशी फिरू नये.

पण नवे यंत्र आणले म्हणजे झाले, असेही नाही. त्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. श्रीलिपी काय किंवा आपल्याकडचे हिंदीवाले वापरतात ते कृतिदेव काय, या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरे दिसत असली तरी संगणकाच्या पोटात ती रोमन अक्षरे किंवा चिन्हे म्हणूनच साठवलेली असतात. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तोच लेख उघडला तर कंसांची आणि स्वल्पविरामांची रांगोळी दिसते. रूपांतर करणारी साधने आहेत, मी ती वापरून पाहिली. नव्वद टक्के मजकूर नीट येतो. उरलेल्या दहा टक्क्यांत खरी मराठी अडकते. मी स्वतः हिंदी माध्यमात शिकलेला, पदवीही हिंदीतून. मराठी घरची आणि आजीची. ‘दुसऱ्या’मधला तो झोपलेला अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही, त्यामुळे रूपांतरात तो हमखास ‘दुसर्या’ होतो. ‘बँक’ची ‘बैंक’ होते. वीस वर्षांपूर्वीच्या लेखात अशा शंभर जागा निघाल्या तर त्या यंत्राला कळणार नाहीत. ज्याच्या कानात मराठी आहे त्यालाच त्या ओळखता येतील. हे काम दोन-तीन वर्षांनी करू म्हटले तर ओळखणारी माणसेही आजच्यापेक्षा कमी असतील.

म्हणून क्रम असा ठेवावा असे मी सुचवतो. सर्वप्रथम त्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रत दोन वेगळ्या डिस्कवर. एक शाळेच्या कपाटात, एक शाळेबाहेर सचिवांच्या घरी. हे काम याच आठवड्यात, ठरावाची वाट न पाहता. मग पेजमेकरच्या फायली त्याच जुन्या यंत्रावरून पीडीएफ करून घ्याव्यात, म्हणजे पाने दिसतील तशी राहतील. रूपांतर आणि मुद्रितशोधन त्यानंतर सावकाश. आणि इथून पुढे जे टंकायचे ते युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर. हा कळफलक केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८० च्या दशकात प्रमाण केला. विंडोज असो वा लिनक्स, तो आत असतोच, आणि एकदा शिकला की हिंदी व मराठी दोन्ही चालतात. आपल्या मुलांना दोन्ही भाषा लागतात. मोबाइलवर रोमनमधून मराठी लिहिणारी मुले ‘ण’ आणि ‘न’ मध्ये घोटाळतात, कारण बोट दोन्हीसाठी एकाच कळीवर जाते. इनस्क्रिप्टवर ‘ण’ला त्याची स्वतःची जागा आहे. संगणक कक्षाचा याहून आपल्या शाळेला शोभेल असा दुसरा उपयोग मला सुचत नाही.

आता खर्चाचा हिशेब. चार नवी यंत्रे (एक कार्यालयात, तीन कक्षात) १,६०,००० रुपये. नऊ जुन्यांची दुरुस्ती ३६,०००. २०१९ च्या सहा यंत्रांना एसएसडी आणि सफाई १८,०००. अर्थिंग व यूपीएसच्या बॅटऱ्या २०,०००. एकूण २,३४,०००. कक्षात पुन्हा अठराच यंत्रे होतात, सर्व चालू. तेरा नवी घ्यायची म्हटले तर ५,२०,००० लागतील, म्हणजे देणगी पुरी पडणार नाहीच, आणि पुढच्या वर्षी एखादा एसएमपीएस जळला तर आठशे रुपये कुठल्या मदीतून द्यायचे हा प्रश्न तसाच राहील. शाळेच्या अंदाजपत्रकात ‘खरेदी’ अशी मद आहे, ‘दुरुस्ती’ अशी मद नाही. सेल संपल्याने यंत्र दीड वर्ष पडून राहिले याचे कारण सेल महाग होता हे नाही. चाळीस रुपयांचे व्हाउचर कशाखाली टाकायचे हे कोणाला माहीत नव्हते.

देणगीदारांना मी पत्र लिहिले आहे. उरणारे २,६६,००० रुपये मुदत ठेवीत ठेवून तिच्या व्याजातून, सहा टक्के धरले तरी वर्षाला सोळा हजारांच्या आसपास, कायमचा दुरुस्ती निधी करावा आणि त्याला त्यांच्या आईवडिलांचे नाव द्यावे, अशी विनंती केली आहे. नव्या यंत्रावर नावाची पट्टी लावली तर ती सात-आठ वर्षांनी यंत्राबरोबर जाते. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. त्यांनी मूळ अटीवरच देणगी देण्याचे ठरवले तर तोही त्यांचा अधिकार आहे. मग निर्णय सर्वसाधारण सभेने घ्यावा. माझे मत तेव्हाही हेच राहील आणि मी ते तिथे मांडीन.

काढून टाकायच्या यंत्रांबद्दल दोन शब्द. गोदामात दोन जुने काचेचे मॉनिटरही आहेत. त्यांच्या काचेत शिसे असते. हे सारे कबाड्याला किलोवर विकू नये. तो वायरी जाळून तांबे काढतो आणि तो धूर कोणत्या तरी वस्तीतली मुले घेतात. आपले शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पुढे आहे, कचरागाडीलासुद्धा ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे. शाळेने तरी नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावे आणि पावती घ्यावी. देण्याआधी प्रत्येक हार्ड डिस्क काढून तिला ड्रिलने भोक पाडावे. तिच्यावर मुलांची नावे, पत्ते, जन्मतारखा आहेत.

सर्वसाधारण सभेची तारीख सूचना-फलकावर लागेल. तोवर तीन विनंत्या आहेत. ज्यांच्या घरी जुन्या संगणकातील डीडीआर-थ्री रॅमच्या पट्ट्या पडून असतील त्यांनी त्या संगणकाच्या मॅडमकडे द्याव्यात, कितीही जुन्या असल्या तरी चालतील. ज्यांच्याकडे पत्रिकेचे २०१० पूर्वीचे छापील अंक असतील त्यांनी ते पीडीएफशी ताडून पाहण्यासाठी महिन्याभरासाठी उसने द्यावेत. परत मिळतील, मी स्वतः पावती देईन. आणि निवृत्त शिक्षक-शिक्षिका, आजी-आजोबा, ज्यांना मुद्रितशोधनाची सवय आहे किंवा नुसते शुद्ध मराठी वाचता येते, त्यांनी शनिवारी दुपारी दोन तास कार्यालयात यावे. चष्मा सोबत आणावा. चहा शाळेतर्फे.